खरारा, फणी आणि कात्री



महोत्सवाच्या व्यासपीठावर उभे राहणाऱ्याने काही भारदस्त विषय घ्यावा, अशी श्रोत्यांची अपेक्षा असते. आमचा आजचा विषय मात्र कोठ्यातल्या खुंटीवर टांगलेला आहे. तो म्हणजे आपला खरारा. त्याच्या शेजारी हल्ली आणखीही काही वस्तू येऊन बसल्या आहेत. कुत्र्याचा ब्रश, मांजराची फणी, नखे कापायची कात्री, आणि ज्यांच्याकडे जरा हौस आहे त्यांच्याकडे केस कापायचे विजेचे यंत्र. या वस्तूंनी आपण जनावर स्वच्छ करतो. पण या वस्तूंना स्वच्छ कोण करतो, एवढाच आमचा प्रश्न आहे. दहा घरी विचारला तर नऊ घरी त्याचे उत्तर म्हणून फक्त हसू मिळते.

पांढुर्णा आणि सौंसर हा मुलूख गुरांचा. वर्धा, नागपूर आणि जुना छिंदवाडा या पट्ट्यातली पांढरीशुभ्र, चपळ गवळाऊ गुरे ही आपली ओळख. २०२३ च्या ऑक्टोबरात पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला आणि सौंसर त्यात आले. जिल्हा नवा झाला, कोठे मात्र जुनेच आहेत. ट्रॅक्टर आल्यापासून बैलजोड्या कमी झाल्या, हे खरे. पण दुधाच्या गाई आहेत, शेळ्या आहेत, संत्र्याच्या बागेत राखणीला कुत्रे आहेत, आणि आता गावातल्या घरांतून मऊ गादीवर झोपणारी मांजरे व झुपकेदार कुत्रीही दिसू लागली आहेत. तेव्हा ज्यांच्या दारी बैल नाही त्यांनी, हे भाषण आपल्यासाठी नव्हे, असे समजू नये.

खराऱ्याचा खरा मान पोळ्याच्या वेळी. आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे हळद-लोणी लावून शेकायचे, दुसऱ्या दिवशी त्यांना नदीवर न्यायचे, अंग घासून धुवायचे, शिंगे तासून रंगवायची, नवी वेसण, नवा कासरा, पाठीवर झूल. पांढुर्ण्यात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीत गोटमार होते आणि तिच्याकडे साऱ्या देशाचे लक्ष जाते. पहिल्या दिवशीच्या बैलाच्या कातडीकडे मात्र आपलेही लक्ष पुरेसे जात नाही. कारण त्या दिवशी घाई असते. एक खरारा, एक घासणी, एक फडके, आणि त्या एकट्याच्या जोरावर पाच-सहा बैल. आपले झाले की शेजारी मागतो. नाही कसे म्हणायचे? हळद-लोण्याचा हात एका बैलाच्या सोललेल्या खांद्यावरून दुसऱ्याच्या धडधाकट खांद्यावर जातो. झूल तर वर्षभर पेटीत घडी घालून ठेवलेली, तशीच झटकून पाठीवर येते. एवढ्या प्रेमाने केलेल्या कामातूनच रोग एका अंगावरून दुसऱ्या अंगावर जात असेल, हे कोणाच्या मनातही येत नाही.

त्यातून पोळा येतो श्रावणी अमावास्येला, म्हणजे ऐन पावसाळ्यात. ऊन नाही. ओला खरारा ओल्याच भिंतीवर टांगला जातो आणि आठ दिवस तसाच ओला राहतो. बुरशीला याहून चांगले घर कोणते मिळणार?

बुरशी हा शब्द आम्ही मुद्दाम वापरला. गजकर्ण किंवा नायटा हा एखाद्या किड्याने होतो असा पुष्कळांचा समज आहे. तो किडा नव्हे. लोणच्यावर येते त्याच कुळातली, पण कातडीवर आणि केसांवर जगणारी ती बुरशी आहे. वासरांना ती अधिक होते. डोळ्यांभोवती, कानांवर, मानेवर राखाडी-पांढऱ्या, जाड खपल्यांचे गोल डाग पडतात, आणि तेथले केस झडतात किंवा तुटतात. बहुतेक वासरे दोन-चार महिन्यांत आपोआप बरी होतात, म्हणून आपण तिकडे दुर्लक्ष करतो. पण झडलेल्या प्रत्येक केसाबरोबर आणि खपलीच्या प्रत्येक कणाबरोबर त्या बुरशीचे बीजाणू, म्हणजे तिचे डोळ्यांना न दिसणारे बी, खाली पडते. ते बी कोरड्या, सावलीच्या जागी महिनोन्‌महिने जिवंत राहते, कधी वर्षाहूनही अधिक. खराऱ्याच्या दातांत अडकलेला केसांचा गुंता ही त्याला मिळालेली उत्तम पेवाची जागा. वासरू बरे झाले, विसरले गेले. पुढच्या वर्षी नवे वासरू आले आणि त्याच खराऱ्याने त्याचे लाड सुरू झाले.

आणि हा रोग जनावरावरच थांबत नाही. तो माणसाला होतो, लहान मुलांना विशेष. सौंसरच्या वाटेवरच्या एका घरी आम्ही असेच दृश्य पाहिले. वासराच्या तोंडावर डाग, घरातल्या मुलीच्या दंडावर लाल गोल चट्टा, आणि आजीच्या मनगटावर दोन. तिघांचे दुखणे निरनिराळे समजून तिघांवर निरनिराळे उपाय चालले होते. मुलीला दुकानातून आणलेले मलम लावीत होते. लावले की खाज थांबे, चट्टा पिके आणि मग दुप्पट पसरे. अशा पुष्कळ मलमांत स्टेरॉइड मिसळलेले असते. ते लालसरपणा दाबते आणि बुरशीला मोकळे रान करून देते. गेल्या काही वर्षांत आपल्या देशात नायटा हट्टी झाला आहे असे त्वचारोगाचे डॉक्टर सांगतात, आणि त्याच्या कारणांत अशा मलमांचा मनमानी वापर ते आवर्जून मोजतात. त्या घरी मुलगी रोज शाळेतून आली की वासराला खरारा करी. खरारा आम्ही हातात घेतला. दातांमध्ये केस इतके घट्ट बसले होते की खाली पत्र्याचा रंग दिसत नव्हता. डॉक्टरांचे औषध तिघांनाही मिळाले; पण खराऱ्याला औषध दिले नसते तर सारे पुन्हा पहिल्यापासून आले असते.

न्हाव्याच्या दुकानात गेल्यावर आपण सगळे आता नवे पाते घालायला सांगतो. ही सवय आपल्याला कोणी कायद्याने लावली नाही; रोगाच्या भीतीने ती आपोआप लागली. मग हीच मागणी मुक्या जनावराच्या वतीने आपण का करीत नाही? नागपुरात कुत्र्यांचे केस कापून देणारी दुकाने निघाली आहेत, आपल्याकडची हौशी मंडळी तेथे जातात. त्यांनी आत गेल्याबरोबर आधी एवढेच विचारावे, की मागच्या कुत्र्यानंतर हे पाते धुतले का? दुकानदार रागावला तर दुसरे दुकान पाहावे.

केसांचा ब्रश किती घातक ठरू शकतो याचे एक प्रसिद्ध उदाहरण आहे, आणि ते जनावरांच्या नव्हे तर माणसांच्या दाढीचे आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळात इंग्रज व अमेरिकन सैनिकांना गालावर व मानेवर काळपुळी होऊ लागली. गुरांना होणाऱ्या फाशी रोगाचे, म्हणजे अँथ्रॅक्सचे, हे माणसातले रूप. शोध घेता घेता तो दाढीच्या ब्रशांपर्यंत पोहोचला. युद्धामुळे चांगल्या केसांचा तुटवडा पडला होता, म्हणून बाहेरून आलेले घोड्याचे केस नीट निर्जंतुक न करता ब्रशांत घातले गेले होते. ब्रश कोरे करकरीत, दुकानातून नुकतेच घेतलेले. आणि त्यांच्या आत मेलेल्या जनावराचा रोग झोपलेला. इंग्लंडने पुढे १९१९ साली लोकर व जनावरांचे केस यांच्या आयातीतून येणाऱ्या या रोगाला आळा घालणारा कायदाच केला. डोळ्यांना स्वच्छ दिसणे आणि खरोखर स्वच्छ असणे यांत एवढे अंतर असते. आपल्या नायट्याची आणि फाशी रोगाची बरोबरी नाही, हे आम्ही लगेच सांगून टाकतो. नाहीतर उद्या सगळ्या गावातले खरारे नदीत जायचे!

आता प्रत्यक्ष काम. येथे आम्ही थोडे सावकाश बोलणार आहोत, कारण क्रम चुकला तर मेहनत वाया जाते.

पहिली गोष्ट म्हणजे केस काढणे. खरारा, ब्रश किंवा फणी वापरून झाली की तेथल्या तेथे, जुन्या कंगव्याने किंवा काडीने तिच्यातला सगळा गुंता उपसून काढावा. हे केस वाऱ्यावर सोडू नयेत, उकिरड्यावरही टाकू नयेत. कागदात गुंडाळून जाळावेत. पुष्कळ लोक ही पायरी गाळून खरारा सरळ औषधाच्या पाण्यात बुडवतात आणि आपण मोठे शास्त्रीय काम केले असे समजतात. केसांच्या आणि मळाच्या गोळ्यात औषध शिरत नाही, उलट मळच औषधाला खाऊन टाकतो.

दुसरी गोष्ट साबण. गरम पाणी, कपड्यांचा साधा साबण आणि एक जुना दातांचा ब्रश, एवढे पुरते. दाताच्या मुळाशी घासावे, पाठीमागचा पट्टा आणि मूठ घासावी. मूठ लोक विसरतात, वास्तविक हात तर तेथेच लागतो. मग स्वच्छ पाण्याने खळबळून धुवावे. जनावर निरोगी असेल तर दर आठवड्याला एवढे केले तरी चालते.

तिसरी गोष्ट औषधाची. अंगावर डाग असलेल्या जनावराला वापरल्यावर, बाहेरून आणलेल्या जनावराला वापरल्यावर, किंवा शेजाऱ्याकडून वस्तू परत आल्यावर ही पायरी टाळू नये. बाजारात पातळ ब्लीच मिळते. बाटलीवर सोडियम हायपोक्लोराइट सुमारे ५ टक्के असे लिहिलेले असते. ते एक लिटर पाण्यात ३० मिलिलिटर, म्हणजे औषधाच्या लहान चमच्याने सहा चमचे, घालावे. त्यात धुतलेली वस्तू पूर्ण बुडेल अशी १० मिनिटे ठेवावी. नंतर भरपूर पाण्याने धुवावी, कारण ते पाणी कातडीला झोंबते आणि लोखंडाला गंज आणते. हे मिश्रण ज्या दिवशी करायचे त्याच दिवशी वापरायचे. दुसऱ्या दिवशी त्याचा जोर भरवशाचा राहत नाही. आणि एक ताकीद: संडास धुण्याच्या आम्लात किंवा दुसऱ्या कोणत्याही औषधात हे कधीही मिसळू नये. त्यातून विषारी वायू निघतो. काम उघड्यावर करावे, लहान मुलांना दूर ठेवावे.

पोलादी कात्री, नखे कापायची कात्री, लोखंडी फणी यांना ब्लीच मानवत नाही. त्या साबणाने धुवून उकळत्या पाण्यात १० मिनिटे ठेवाव्यात, बाहेर काढून ताबडतोब कोरड्या पुसाव्यात आणि सांध्यात तेलाचा एक थेंब सोडावा. विजेच्या यंत्राचे पाते मात्र सुटे करून धुवावे. यंत्र पाण्यात घालू नये, हे सांगायची वेळ येऊ नये, पण येते.

चौथी गोष्ट वाळवणे. उन्हाळ्यात प्रश्न नाही. दात वर करून उन्हात ठेवा, मधून एकदा उलटा. पावसाळ्यात चुलीजवळ, पण जळणार नाही इतक्या अंतरावर, किंवा वाऱ्याच्या जागी मोकळे टांगावे. प्लास्टिकच्या पिशवीत ओले घालून कपाटात ठेवणे म्हणजे केलेल्या साऱ्या कामावर पाणी ओतणे. उन्हाने धुणे चुकवता येते असेही कोणी मानू नये. ऊन वरून लागते, गुंत्याच्या आत सावलीच असते.

लाकडी पाठीचे आणि नारळाच्या काथ्याचे ब्रश पाणी धरून ठेवतात, त्यांना पुरते निर्जंतुक करणे कठीण. डाग असलेल्या जनावराला असा ब्रश वापरलाच असेल तर तो जाळून टाकावा. येथे आपल्या आजोबांच्या पद्धतीची आठवण करून द्यावीशी वाटते. ते गवताचा किंवा कडब्याचा बोळा करून बैल पुसत आणि काम झाले की तो फेकून देत. त्यांनी बीजाणू हा शब्द ऐकला नव्हता, पण दहा वर्षे एकाच खुंटीवर टांगलेल्या नायलॉनच्या ब्रशापेक्षा तो बोळा खचित निर्मळ होता. आजारी जनावरासाठी आजही यापेक्षा स्वस्त आणि चांगले साधन आम्हांला माहीत नाही. फक्त फेकण्याऐवजी जाळावा.

ज्यांना जमेल त्यांनी जनावरागणिक वेगळे साधन ठेवावे आणि मुठीला रंगीत चिंधी बांधावी. सर्जाची लाल, राजाची हिरवी. ज्यांना जमणार नाही त्यांनी निदान क्रम पाळावा. आधी वासरे, मग निरोगी मोठी जनावरे, आणि ज्याच्या अंगावर डाग, जखम किंवा खपली आहे ते सर्वांत शेवटी. वेसणीच्या भोकातून रक्त येत असेल, खांदा सोललेला असेल, तर त्या जागी वापरलेले फडके दुसऱ्या बैलाला मुळीच लावू नये. झूल पोळ्याच्या आधी आणि नंतर गरम पाण्यात धुवावी. आणि काम संपल्यावर आपले हात साबणाने धुवावेत, कोपरापर्यंत. पोळ्याला बैल सजवतो घरचा पुरुष, आणि नंतरची सारी धुणी पडतात बायकांच्या वाट्याला. ज्याने खरारा केला त्यानेच तो धुवावा असा नियम घरोघर झाला तर निम्मा प्रश्न सुटेल असे आम्हांला वाटते.

कुत्र्यामांजरांचे थोडे वेगळे आहे. मांजराच्या अंगावर एकही डाग नसताना त्याच्या केसांत नायट्याची बुरशी असू शकते, लांब केसांच्या मांजरांत विशेष. घरातल्या मुलाच्या डोक्यावर केस गेलेला चट्टा दिसला की आपण चाई पडली म्हणून मोकळे होतो. घरात मांजर असेल तर ते डॉक्टरांना अवश्य सांगावे. मुलीची फणी मांजराला आणि मांजराची मुलीला, हा लाडाचा प्रकार तर ताबडतोब बंद व्हावा. मांजरांच्या वस्तू फिनेलने धुऊ नयेत. मांजर अंग चाटते आणि फिनेलसारखी द्रव्ये त्याला विषारी ठरतात. कुत्र्याला लूत लागली असेल तर तिचे सूक्ष्म किडे ब्रशावर काही दिवस जगतात. ते माणसाच्या अंगावर कायमचे घर करीत नाहीत, तरी खाज मात्र भरपूर देतात. गोचीड चिमट्याने कातडीजवळ धरून सरळ ओढावी आणि साबणाच्या पाण्यात टाकावी. बोटांनी चिरडण्याची आपली सवय वाईट. गोचिडींतून माणसाला होणारा एक रक्तस्रावी ताप २०११ साली गुजरातेत आढळला होता, तेव्हापासून तज्ज्ञ ही सूचना वारंवार देत आहेत. चिमटाही मग उकळून ठेवावा.

पुष्कळ जण विचारतात, लम्पी खराऱ्याने पसरतो काय? २०२२ च्या साथीत महाराष्ट्रात गुरांचे बाजार बंद ठेवावे लागले होते. ती धास्ती आपल्या सीमेवरच्या गावांनीही अनुभवली आहे. तर प्रामाणिक उत्तर असे, की लम्पी मुख्यतः चावणाऱ्या माश्या, डास आणि गोचिडी यांच्यामार्फत पसरतो, आणि त्यावर खरा उपाय म्हणजे लस. पण त्याच्या गाठींवरच्या वाळल्या खपल्यांत विषाणू महिनाभर तग धरतो. त्यामुळे लम्पीच्या जनावराला खरारा करूच नये, आणि त्याच्या दावणीची कोणतीही वस्तू दुसऱ्या दावणीला नेऊ नये. खरारा धुतला म्हणजे लस टळली, असे मात्र कोणी घरी जाऊन सांगू नये.

राहता राहिला शेजारधर्म. खरारा मागायला आलेल्याला नाही म्हणणे आपल्याकडे शोभत नाही, हे आम्ही जाणतो. नाही म्हणू नये. देताना धुवून द्यावा, परत आला की पुन्हा धुवावा, आणि हे त्याच्या देखतच करावे. पुढच्या वेळी तो स्वतःच धुवून आणील. पोळ्याच्या आधी आठवडाभर ब्लीचची एक बाटली आणि एक मोठी बादली विहिरीजवळ किंवा नळाजवळ ठेवली, तर एका आळीचे सारे खरारे एका सकाळी होऊन जातात. ब्लीचचा खर्च दहा घरांत वाटला तर हाताला लागतही नाही.

अंगावर डाग दिसला तर आधी पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवावे. खपली खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली की नायटा आहे की खरूज हे कळते, आणि दोहोंची औषधे निराळी. जनावर नेणे शक्य नसेल तर फिरत्या पशुचिकित्सा वाहनासाठी १९६२ हा फोन क्रमांक आहे. हे साल नव्हे, क्रमांकच आहे, असे आम्हांला गावोगाव दोनदा सांगावे लागते. डॉक्टर येईपर्यंत डागाला तेल, राख किंवा गाडीचे जुने ऑइल लावू नये, जनावर वेगळे बांधावे, आणि त्याचा खरारा त्याच्याच खुंटीला ठेवावा.